पंढरीच्या वाटेवरची शिदोरी

आषाढाचा पहिला आठवडा उजाडला, की सोलापूर शहराचे लक्ष तुळजापूर रस्त्याकडे लागते. शेगावहून निघालेली संत गजानन महाराजांची पालखी उळेगावमार्गे शहरात येते. विदर्भातून निघून मराठवाडा ओलांडून आलेले हे वारकरी सुमारे ७५० किलोमीटरची वाट साधारण ३३ दिवसांत चालतात. म्हणजे रोजची सरासरी बावीस-तेवीस किलोमीटर भरते. पंढरपुरात काही दिवस राहून हीच मंडळी वेगळ्या वाटेने पुन्हा पायीच शेगावला परततात. जाऊन-येऊन दोन महिने घराबाहेर आणि बहुतेक दिवस रस्त्यावर, असा हा प्रवास असतो.

सोलापुरात पालखीचा मुक्काम असतो तेव्हा शहर दर्शनाला लोटते. पण व्यापारी माणसाने त्या गर्दीत थोडे बाजूला उभे राहून पालखीच्या मागून येणाऱ्या वाहनांकडेही पाहावे. पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका, शिधा आणि भांडी वाहणारे ट्रक, अंथरुणे ठेवलेली गाडी हे सारे ठरलेल्या क्रमाने येत असते. चालणारा वारकरी खांद्यावर पताका किंवा हातात टाळ घेऊन मोकळा चालतो. त्याचे ओझे दुसऱ्या कोणी तरी आधीच उचललेले असते. पांढऱ्या वेशातील त्या शिस्तबद्ध रांगा डोळ्यांना सुखावतात, पण त्या रांगा महिनाभर न तुटता चालतात त्या मागच्या गाड्यांच्या आणि सेवेकऱ्यांच्या बळावर.

आजकाल मोठ्या शहरांतील तरुणांमध्ये मॅरेथॉनची आवड वाढली आहे. ४२ किलोमीटरच्या पलीकडे जाणाऱ्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, आणि त्यातील काही शर्यती अनेक दिवस चालतात. सहारा वाळवंटात १९८६ पासून होणाऱ्या ‘मॅरेथॉन दे साब्ल’ या शर्यतीत धावपटू सुमारे २५० किलोमीटर अंतर आठवडाभरात टप्प्याटप्प्याने पार करतो. खाण्याचे सर्व सामान त्याने स्वतःच्या पाठीवर वाहायचे असते आणि ते रोज किमान २,००० कॅलरी पुरेल इतके असलेच पाहिजे, असा नियम आहे. पाणी मात्र आयोजक देतात. ग्रीसमधील ‘स्पार्टाथलॉन’ ही अथेन्स ते स्पार्टा अशी २४६ किलोमीटरची दौड ३६ तासांत पुरी करावी लागते आणि तिच्या वाटेवर ७५ तपासणी नाकी असतात. न्यूयॉर्कमध्ये तर एका वस्तीभोवती फेऱ्या घालत ३,१०० मैल म्हणजे जवळजवळ ५,००० किलोमीटर अंतर ५२ दिवसांत कापण्याची शर्यत होते. तेथील स्वयंपाकघर शाकाहारी असते, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

आळंदी ते पंढरपूर हे अंतरही सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अथेन्स-स्पार्टाइतकेच. तेथील निवडक, कसलेले धावपटू ते दीड दिवसात कापतात. येथे साठी-सत्तरीच्या शेतकरी स्त्रिया डोक्यावर तुळस घेऊन ते अठरा-एकोणीस दिवसांत चालतात. वेग वेगळा, हेतू वेगळा. पण व्यवस्थेपुढचे प्रश्न तेच असतात. पाणी कोठे मिळेल, पुढचे जेवण कोण शिजवील, पाय फुटले तर कोण पाहील आणि रात्री अंग कोठे टेकायचे? या प्रश्नांची उत्तरे देण्याची विद्या सोलापूर जिल्ह्याच्या वाटांवर पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे.

संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर माऊलींच्या सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप दिले. हैबतबाबा लष्करी वातावरणातले. त्यामुळे त्यांनी बसवलेल्या सोहळ्यात तळ, कूच, चोपदार, क्रमांक लावलेल्या दिंड्या अशी फौजेसारखी आखणी दिसते. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू येण्याची प्रथा त्याच काळातली आहे. मोठ्या समूहाला दीर्घ काळ चालवायचे तर भक्तीच्या जोडीला व्यवस्था हवी, हे त्या सत्पुरुषाने नेमके ओळखले होते.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली माऊलींची पालखी फलटण, बरड करत धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. तेथून पुढचे मुक्काम नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी. तुकाराम महाराजांची पालखी इंदापूरकडून येते, सराटीला नीरा ओलांडून अकलूजमध्ये येते आणि बोरगाव, पिराची कुरोली असे करत वाखरीला पोहोचते. म्हणजे माळशिरस तालुका हा या दोन्ही मोठ्या प्रवाहांचा यजमान. याच तालुक्यात नातेपुत्याजवळ दहिगाव येथे भगवान महावीरांचे अतिशय क्षेत्र आहे. नातेपुते, अकलूज आणि शेजारच्या फलटणच्या बाजारपेठांत आपल्या समाजाच्या पेढ्या कित्येक पिढ्यांच्या आहेत. वारी ही त्यांना दुरून ऐकलेली गोष्ट नाही, ती त्यांच्या दुकानाच्या पायरीवरून जाते.

हा मुलूख पर्जन्यछायेतला आहे. पश्चिमेला घाटात पाऊस कोसळत असतो तेव्हा माळशिरसच्या माळावर आषाढातही ऊन चटके देते. नीरेच्या उजव्या कालव्यामुळे काही पट्टा ऊसमय झाला आहे, सदाशिवनगरचा साखर कारखाना त्याची साक्ष देतो. पण रस्त्यावर चालणाऱ्याला कालव्याचा उपयोग थोडा. त्यात पालखी महामार्गाचे चौपदरीकरण झाले. पंतप्रधानांच्या हस्ते ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच्या कामाची पायाभरणी झाली होती. रस्ता रुंद आणि सरळ झाला, परंतु काठची अनेक जुनी झाडे गेली. नवी लावलेली झाडे सावली देण्याजोगी होईपर्यंत तळपत्या काँक्रीटवरून चालणाऱ्याचा घसा अधिक कोरडा पडणार, हे गृहीत धरूनच पाण्याची योजना करावी लागते.

दिंडीची अर्थव्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक दिंडी हे एक फिरते कुटुंब असते. वारकरी आपली ठरलेली भिशी दिंडीप्रमुखाकडे भरतो आणि त्या बदल्यात त्याला दोन वेळचे जेवण, राहुटीतली जागा आणि सामान वाहण्याची सोय मिळते. वरून देणग्या येतात, कोणी शिधा देतो, कोणी एखाद्या मुक्कामाची पंगत उचलतो. जमेच्या बाजूला भिशी आणि देणगी. खर्चाच्या बाजूला ट्रकभाडे, इंधन, किराणा, भाजी, दूध, आचारी, पाणी आणि औषधे. एकोणीस दिवसांचा हा ताळेबंद बसला नाही, तर वाटेतच पंगत अपुरी पडते. घरी धान्य संपले तर शेजारी जाता येते, वाटेवर तसे करता येत नाही.

ढोबळ उदाहरण घेऊ. दोनशे माणसांची दिंडी आहे, असे समजा. चालणाऱ्या माणसाला रोज पीठ आणि तांदूळ मिळून अर्धा किलो, डाळ १०० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम आणि साखर-गूळ ५० ग्रॅम धरले, तर दिवसाला धान्य १०० किलो, डाळ २० किलो, तेल ८ किलो आणि साखर-गूळ १० किलो लागेल. अठरा दिवसांचे धान्य १,८०० किलो, डाळ ३६० किलो, तेल १४४ किलो म्हणजे पंधरा किलोचे जवळजवळ दहा डबे आणि गोड १८० किलो. सारे मिळून अडीच टनांच्या घरात जाते. राहुट्या, भांडी, शेगड्या आणि दोनशे वळकट्या यांचे वजन वेगळेच.

हे सगळे निघतानाच भरून घ्यावे का? अनुभवी व्यवस्थापक तसे करत नाही. डाळ, साखर, तेल, मसाले हा टिकाऊ माल तो गावच्या बाजारातून घाऊक भावाने आधी घेतो. पीठ मात्र पावसाळी हवेत दमट होते, त्याला वास येतो, पोरकिडे धरतात. म्हणून पीठ थोडके आणि गहू-ज्वारी अधिक घेऊन वाटेतल्या मोठ्या गावी दळून घेणे शहाणपणाचे. भाजी आणि दूध रोज स्थानिकच घ्यावे लागते. अशा वेळी नातेपुते किंवा अकलूजमध्ये ठरलेला दुकानदार असणे दिंडीच्या दृष्टीने फार मोलाचे ठरते. आधी निरोप गेला असेल तर माल बाजूला काढून ठेवलेला असतो. निरोप नसेल तर पालखीच्या आदल्या संध्याकाळी त्या गावात गुळाची ढेप मिळणेही कठीण होते.

ट्रक दिंडीबरोबर चालत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. पालखीच्या रस्त्यावर वाहने अडवलेली असतात. दिंडीच्या गाड्या परवाना घेऊन पहाटेच पुढे निघतात, दुपारच्या विसाव्याची जागा गाठतात, चुली मांडतात. जेवण वाढून झाले की भांडी घासून पुन्हा पुढच्या तळावर जाऊन राहुट्या ठोकतात. आचाऱ्यांचा दिवस वारकऱ्यांच्या आधी सुरू होतो आणि त्यांच्यानंतर संपतो. ग्रीसमधल्या त्या शर्यतीतही धावपटूच्या मदतनिसांची गाडी ठरलेल्या नाक्यांवरच त्याला भेटू शकते, अधेमध्ये नाही. म्हणूनच दोन भेटींच्या मधल्या अंतरात माणसाजवळ स्वतःचे काय असले पाहिजे, याचा विचार दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा. पाण्याची बाटली, मूठभर शेंगदाणे-गूळ, रोजच्या गोळ्यांची पुडी, दिंडीचा क्रमांक आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद एवढे तरी प्रत्येकाच्या पिशवीत हवे. गर्दीत चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपली दिंडी सापडेपर्यंत तेवढ्यावरच निभवावे लागते. माऊलींच्या तळावर रोज संध्याकाळी समाज आरती होते. तेव्हा चोपदारांच्या इशाऱ्यासरशी सारा तळ शांत होतो आणि हरवल्या-सापडल्याची वार्ता तेथे सांगितली जाते. लाखोंच्या समूहात इतकी साधी आणि इतकी उपयोगी व्यवस्था क्वचितच पाहायला मिळते.

पाण्याचा हिशेब अन्नाहून कठीण. उन्हात वीस किलोमीटर चालणाऱ्याला पिण्यासाठी रोज चार-पाच लिटर पाणी लागते. दोनशे जणांचे एक हजार लिटर झाले. स्वयंपाक आणि भांड्यांसाठी माणशी दहा लिटर धरले तर आणखी दोन हजार, आंघोळीला माणशी पंधरा लिटर धरले तर तीन हजार. एकूण सहा हजार लिटर, म्हणजे रोजचा एक टँकर, आणि तोही एका दिंडीचा. जिल्हा परिषद आणि महसूल खाते वाटेवर टँकर भरण्याची ठिकाणे, विहिरींचे शुद्धीकरण, तात्पुरती शौचालये, औषधोपचार केंद्रे यांची आखणी काही महिने आधीपासून करतात, ते यामुळेच. इंग्रजी अमदानीत पंढरपूरच्या यात्रांत कॉलऱ्याच्या साथी वारंवार येत आणि यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरत. अशुद्ध पाण्याने घेतलेले ते बळी आठवले, की निर्जंतुक केलेल्या पाण्याचे मोल कळते. पाणी गाळून, उकळून पिण्याचा संस्कार ज्या समाजात घरोघर आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

पाण्याच्या जोडीला मीठही हवे. घामावाटे क्षार जातात, आणि तहान लागली म्हणून नुसतेच पाणी पोटभर पीत राहिले, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून चक्कर, मळमळ, क्वचित बेशुद्धीही येते. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत वैद्य याबाबत नेहमी बजावतात. आपल्याकडे मीठ-साखर-लिंबाचे सरबत, ताक आणि क्षारसंजीवनीची पाकिटे हाच सोपा उपाय. विसाव्याच्या जागी चहापेक्षा ताकाचा हंडा अधिक उपकारक, हे देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

उपासाचाही विचार करावा लागतो. माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तो टप्पा सर्वांत लांबचा, सुमारे तीस किलोमीटरचा. त्यातच दिवे घाटाची चढण येते. आणि त्या दिवशी सहसा ज्येष्ठ वद्य एकादशी असते. सर्वांत अधिक कष्टाच्या दिवशी पोटात धान्य नसते. तेव्हा दिंडीच्या ट्रकमध्ये साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी हे वेगळे काढून ठेवलेले असावे लागतात. तप आणि चालणे एकाच दिवशी आले तर शरीराला काय द्यावे आणि केव्हा द्यावे, हा प्रश्न आपल्या घरांतील वर्षीतप करणाऱ्यांनाही परिचयाचा आहे.

सोलापूर जिल्ह्याने तर वाटसरूंसाठी जणू स्वतःची शिदोरीच घडवली आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिच्यापासून केलेली सोलापुरी कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि कोरडी असते. तिच्यात ओलावा उरत नसल्याने ती कित्येक आठवडे टिकते, वजनाला हलकी असते आणि चुलीवाचून खाता येते. तिच्याबरोबर शेंगांची चटणी. तेल, प्रथिने आणि मीठ एकाच चिमटीत. आपल्या घरांत ती लसणाविना, जिरे आणि तिखट घालून होते आणि तितकीच टिकते. परदेशी धावपटू दीर्घ पल्ल्यासाठी महागडी कोरडी पाकिटे विकत घेतात. त्यांचे सारे गुण या भाकरी-चटणीत आहेत. सोलापूरची चादर आणि टॉवेल हेही या शिदोरीचेच भाग. अंथरायला, पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला आणि ओले अंग पुसायला तीच वस्तू कामाला येते. चाटी गल्लीतल्या एखाद्या कापड दुकानदाराने वारीत द्यायला काय घ्यावे असे विचारले, तर त्याचे उत्तर त्याच्याच मांडणीवर आहे.

पायांकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते आणि चालणे थांबते ते बहुधा पायांमुळेच. ओले मोजे, नवी चप्पल, बोटांमधली वाळू यांनी फोड येतात. फोड फुटून त्यात घाण गेली, की मधुमेही माणसाचे दुखणे महिनोन्‌महिने बरे होत नाही. चार महिने वापरलेली जुनी पादत्राणे, रात्री पाय धुऊन कोरडे करणे, खोबरेल तेल लावणे आणि मोज्यांचा एक कोरडा जोड राखून ठेवणे एवढ्यानेही पुष्कळ त्रास टळतो. अनेक गावांत तरुण मंडळे वारकऱ्यांचे पाय चेपून देतात, औषधविक्रेत्यांच्या संघटना मलमपट्टीची केंद्रे लावतात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या संपल्यामुळे अडचणीत आलेला वृद्ध वारकरी अशा केंद्रात आला, तर त्याला त्या वेळी मिष्टान्नाच्या ताटापेक्षा त्या दोन गोळ्यांची अधिक गरज असते.

वेळापूरच्या अलीकडे धावा बावी माउंट नावाची जागा आहे. तुकाराम महाराजांना येथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. तिची आठवण म्हणून वारकरी येथे उतारावरून धावतात. पंधरा दिवस चाललेल्या पायांची ही दौड पाहण्यासारखी असते. काठी टेकत चालणारी आजीबाईही चार पावले धावून घेते. पण व्यवस्थेच्या दृष्टीने हीच जागा काळजीची. थकलेले पाय, उतार आणि मोठी गर्दी. येथे रुग्णवाहिका आणि पाणी हाताशी नसेल, तर आनंदाच्या क्षणीच अपघात व्हायचा. पुरंदवडे आणि खुडूस येथील गोल रिंगणांतही असेच असते. घोडा धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे झेपावतात. अशा प्रत्येक जागी उत्साहाच्या मागे कोणी तरी शांत डोक्याने उभे असावे लागते.

आता एक अडचणीचा मुद्दा. दान देणाऱ्यांची वारीत वाण नाही. तरी ते सर्व ठिकाणी आणि सर्व वेळी सारखे पोहोचत नाही. मोठ्या शहरांत सुट्टीच्या दिवशी केळी, बिस्किटे, चहा, राजगिऱ्याचे लाडू यांचा पूर येतो. एकाच चौकात दहा मंडळे केळी वाटतात. वारकरी नाही म्हणत नाही, हातात घेतो, पण पोटाला मर्यादा असते. रस्ता सालींनी आणि कागदी पेल्यांनी भरतो आणि पाठीमागून येणारा त्यावर घसरतो. पुढे माळशिरस-वेळापूरच्या उघड्या माळावर दुपारी दोन वाजता, जेव्हा एक पेला ताक अमृतासारखे वाटेल, तेव्हा देणारे हात विरळ असतात. देणाऱ्याच्या सोयीचे दान आणि घेणाऱ्याच्या गरजेचे दान यांत हे अंतर पडते.

व्यापाऱ्याला ही गोष्ट चटकन समजायला हवी. जेथे माल पडून आहे तेथे आणखी माल पाठवणारा व्यापारी बुडतो. जेथे मागणी आहे तेथे वेळेवर पोहोचणारा टिकतो. दानाच्या बाबतीत मात्र हाच चतुर व्यापारी हिशेब विसरतो आणि दुकानासमोर मंडप घालून मोकळा होतो. तत्त्वार्थसूत्रात दानाचे फल विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींनुसार कमी-अधिक होते असे सांगितले आहे. वाटेवरच्या सेवेला हे तंतोतंत लागू पडते. विधी म्हणजे केव्हा आणि कसे द्यायचे, द्रव्य म्हणजे काय द्यायचे, पात्र म्हणजे कोणाला द्यायचे. यांचा विचार केला नाही, तर दात्याचा भाव शुद्ध असूनही केळी रस्त्यावर तुडवली जातात.

आपल्या समाजाला हा विचार नवा नाही. मुनिसंघाचा विहार ही आपल्याकडची दीर्घ पदयात्राच आहे. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. त्यांच्यासाठी म्हणून केलेला आहार त्यांना वर्ज्य असतो. श्रावकाने स्वतःसाठी शुद्ध स्वयंपाक करावा आणि त्यातून भक्तीने द्यावे, असा विधी आहे. त्यामुळे पुढच्या मुक्कामी आधी जाऊन जागा पाहणे, प्रासुक पाण्याची सोय करणे, चौका लावणे हे सारे श्रावक-श्राविका अतिशय काटेकोरपणे करतात. आचार्य शांतिसागर महाराजांचा संघ १९२७-२८ मध्ये दक्षिणेतून पायी सम्मेदशिखरजीला गेला, तेव्हा त्या प्रदीर्घ प्रवासाची जबाबदारी मुंबईच्या जव्हेरी कुटुंबाने संघपती म्हणून उचलली होती. श्वेतांबर परंपरेत छ’री पालित संघ निघतात, तेव्हाही शेकडो यात्रिकांच्या एकाशनाची, उकळलेल्या पाण्याची आणि मुक्कामाची आखणी आधी कागदावर पुरी होते आणि मगच पहिले पाऊल पडते.

पंचांगात एक जुळणीही आहे. वारकरी आषाढ शुद्ध एकादशीपूर्वी पंढरपूर गाठतात. साधू-साध्वींनी आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी चातुर्मासाचे स्थान गाठायचे असते. दोहोंमध्ये अंतर तीनच दिवसांचे. म्हणजे ज्येष्ठ-आषाढाच्या त्याच आठवड्यांत, त्याच सोलापूर जिल्ह्याच्या रस्त्यांवर एकीकडे लाखो वारकरी चालत असतात आणि दुसरीकडे चार-पाच साध्वींचा एखादा छोटा संघ पहाटेच्या अंधुक उजेडात चालत असतो. लाखोंसाठी वाहतूक थांबते. चौघींसाठी ती थांबत नाही. विहारात असलेल्या साधू-साध्वींना भरधाव वाहनाने उडवल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार वाचाव्या लागल्या आहेत. रस्ते चांगले झाले तशी वाहने अधिक वेगाने धावू लागली. तेव्हा विहारसेवेसाठी पहाटे उठून, अंधारात चमकणारे जाकीट घालून, मागे-पुढे चालणाऱ्या तरुणांची गरज पूर्वीपेक्षा आज जास्त आहे. आहार आणि औषध यांइतकेच अभय हेही दान आहे, आणि महामार्गावर ते दोन माणसांच्या सोबतीने आणि एका बॅटरीच्या उजेडाने देता येते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. नातेपुत्याच्या, वेळापूरच्या रस्त्यावर त्या आषाढात शुकशुकाट होता. गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराला विक्री बुडाल्याचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक जाणवली ती वाढण्यासाठी घरात चूल पेटली नाही ही गोष्ट. २०२२ मध्ये पुन्हा टाळ वाजले, तेव्हा अनेक घरांनी आपल्या पंगती पूर्ववत सुरू केल्या.

या वर्षी सेवेचा संकल्प करणाऱ्या कुटुंबांनी थोडा हिशेब आधी मांडावा. एखाद्या दिंडीच्या व्यवस्थापकाला चैत्र-वैशाखातच विचारावे, की कोणत्या मुक्कामी काय कमी पडते. शिजवलेले अन्न द्यायचे तर किती ताटांचे, हे आदल्या दिवशी ठरवावे. पाणी द्यायचे तर पेले गोळा करायला दोन माणसे उभी करावीत. औषधे द्यायची तर ती औषधविक्रेत्याच्या किंवा वैद्याच्या देखरेखीखाली द्यावीत. आणि आपल्या गावावरून कोणता संघ कोणत्या दिवशी विहार करणार आहे याची नोंद त्याच वहीत त्याच पानावर करावी.

दशमीच्या दुपारी वाखरीहून पालख्या पंढरीकडे निघतात. तेव्हा रिकामे झालेले ट्रक पुढे कधीच गेलेले असतात. त्यांतल्या एखाद्या ट्रकच्या फाळक्यावर टेकून व्यवस्थापक वही उघडून बसतो. किती धान्य उरले, किती देणे आहे, कोण आजारी पडले, कोण घरी सुखरूप परतले, याचा मेळ तो घालत असतो. कळसाचे दर्शन त्याला सर्वांत शेवटी होते. त्याचे दोनशे वारकरी मात्र तोवर चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचलेले असतात.